प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर धार पुन्हा बारीक झाली तर : पिशवीचे तोंड आवळण्याचा त्रास आणि त्यावरच्या शस्त्रक्रिया

प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले, नळी निघाली, आणि कित्येक वर्षांनी अब्बांची लघवीची धार मोकळी झाली. घरात सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटले. मग तीन-चार महिने गेले आणि धार हळूहळू पुन्हा बारीक व्हायला लागली. अशा वेळी घराघरात ठरलेली तीन वाक्ये ऐकू येतात : "ऑपरेशन फेल गेलं", "गाठ परत वाढली", नाहीतर "वय झालं, आता असंच चालायचं." पुष्कळदा या तिन्ही गोष्टी खऱ्या नसतात. ऑपरेशनच्या जागी जखम भरताना कडक व्रण तयार होतो आणि लघवीच्या पिशवीचे तोंड आवळले जाते. डॉक्टर याला ब्लॅडर नेक कॉन्ट्रॅक्चर किंवा ब्लॅडर नेक स्टेनोसिस म्हणतात. कागदपत्रांवर नुसते 'बीएनसी' असेही लिहिलेले असते.

या आजाराला इलाज आहे. बहुतेक रुग्णांचे काम दुर्बिणीतून दिलेल्या एका छोट्या छेदाने होते. ज्यांचे तोंड पुन्हा पुन्हा आवळते त्यांच्यासाठीही पुढची शस्त्रक्रिया आहे. पण त्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात : शर्म न बाळगता वेळेवर सांगणे, आणि तोच तो तात्पुरता इलाज किती वेळा करून घ्यायचा याची मर्यादा ओळखणे.

पिशवीचे तोंड म्हणजे नेमके काय?

लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, ओटीपोटात असते. ती खाली निमुळती होते आणि तिथून लघवीचा मार्ग सुरू होतो. सुरईचा गळा जसा, तसा हा भाग. म्हणूनच वैद्यकीय भाषेत त्याला मूत्राशयाची मान म्हणतात. या मानेभोवती स्नायूंचे गोल कडे असते. पिशवी भरत असताना ते बंद राहते आणि लघवीच्या वेळी उघडते.

मानेच्या लगेच खाली प्रोस्टेट ग्रंथी असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी, २० ग्रॅमच्या आसपास. लघवीचा मार्ग तिच्या मधूनच जातो. वय वाढते तशी ही ग्रंथी वाढते आणि मार्ग दाबते. प्रोस्टेटच्याही खाली स्नायूंचे दुसरे कडे असते. लघवी रोखून धरण्याचे मुख्य काम या खालच्या कड्याचे. हे दुसरे कडे लक्षात ठेवा, कारण पुढे 'ऑपरेशननंतर लघवी गळेल का' या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

तोंड आवळते कशामुळे?

प्रोस्टेटचे सर्वांत प्रचलित ऑपरेशन म्हणजे टीयूआरपी. लोक त्याला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतात. लघवीच्या मार्गातून साधारण ८ ते ९ मिलिमीटर जाडीचे उपकरण आत जाते आणि विजेच्या तारेने ग्रंथीचा वाढलेला भाग आतून खरवडून काढला जातो. आता होलेपसारख्या लेसर पद्धतीही मोठ्या प्रमाणात वापरतात. पद्धत कोणतीही असो, आत जखम होते, आणि जखम भरते तेव्हा शरीर तिथे व्रणाची पेशीजाळी विणते. भाजलेल्या हाताची कातडी भरून येताना कशी ओढली जाते, आपण पाहिले असेल. पिशवीच्या तोंडाशी तसेच होते. तोंड गोल असल्यामुळे व्रण आकसला की ते पिशवीच्या नाडीसारखे आवळते. कधी कधी जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र उरते.

हे प्रत्येकाला होत नाही. टीयूआरपीनंतरच्या वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण ०.३ टक्क्यापासून ९ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. त्रास बहुधा पहिल्या वर्षाच्या आत सुरू होतो, आणि पुष्कळांना पहिल्या सहा महिन्यांतच.

धोका कोणाला जास्त? पहिले नाव ऐकून आश्चर्य वाटेल : ज्यांची प्रोस्टेट लहान होती त्यांना. मोठ्या गाठीपेक्षा ३० ग्रॅमच्या आतल्या गाठीवर टीयूआरपी केल्यावर हा त्रास अधिक दिसतो. म्हणून अशा लहान ग्रंथीसाठी खरवडण्याऐवजी नुसता छेद देण्याची पद्धत आहे, तिला टीयूआयपी म्हणतात. पहिलेच ऑपरेशन ठरत असेल आणि गाठ लहान असेल तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे. याशिवाय पिशवीच्या तोंडाशी जास्त खोल खरवडणे किंवा विजेचा जास्त वापर, लघवीतला जंतुसंसर्ग, आटोक्यात नसलेली साखर आणि धूम्रपान ही कारणेही सांगितली जातात. साखर आणि बिडी-सिगारेट जखम भरण्याच्या आड येतात, मग जखम कुठलीही असो.

लक्षणे कशी ओळखावीत?

ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे जळजळ, घाईची लघवी, अधूनमधून लालसर लघवी होणे स्वाभाविक असते. ते हळूहळू कमी होत जाते. पिशवीचे तोंड आवळण्याची चाल वेगळी असते : आधी धार चांगली होते, आणि नंतर दिवसेंदिवस बिघडत जाते. 'सुधारून बिघडणे' ही त्याची मुख्य खूण.

सोबत ही लक्षणे दिसतात :

- धार बारीक होणे, मध्येच तुटणे, जोर लावावा लागणे
- लघवी होऊनही पिशवी रिकामी झाल्यासारखे न वाटणे
- रात्री वारंवार उठावे लागणे
- लघवीला पुन्हा पुन्हा संसर्ग होणे
- कपड्यात थेंब थेंब गळत राहणे

शेवटच्या लक्षणाबद्दल गैरसमज फार. घरच्यांना वाटते, लघवी रोखण्याची ताकद गेली. पण पिशवी सतत भरलेली राहिली तरी ती काठोकाठ भरलेल्या हंड्यासारखी सांडते. म्हणजे बाहेरून गळणे दिसते आणि आत अडथळा असतो. आपल्याकडचे बुजुर्ग कपडे पाक राहत नाहीत म्हणून मनातल्या मनात कुढतात, मशिदीत जायचे टाळतात, पाणी पिणे कमी करतात. पण मुलांना सांगत नाहीत. या गळण्याचे कारण अडथळा असेल तर तोंड मोकळे केल्यावर ते थांबू शकते. म्हणून सांगणे गरजेचे.

लघवी पूर्ण तुंबली, ओटीपोट फुगून दुखू लागले, किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. घरी किंवा गल्लीतल्या कंपाउंडरकडून जबरदस्तीने नळी घालून घेऊ नये. अरुंद तोंडाला नळी आपटली तर चुकीची वाट तयार होते, रक्तस्राव होतो आणि पुढचा इलाज अवघड होतो. अशा वेळी डॉक्टर गरज पडल्यास ओटीपोटातून थेट पिशवीत नळी टाकतात. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनीही लघवी तुंबू शकते, त्यामुळे धार आधीच बारीक असलेल्यांनी त्या विचारूनच घ्याव्यात.

गोळ्यांनी का भागत नाही?

धार कमी झाली की पुष्कळ जण जुन्याच चिठ्ठीवर टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या पुन्हा सुरू करतात. या गोळ्या स्नायू सैल करतात. पण आवळलेल्या तोंडाशी आता स्नायू कमी आणि व्रण जास्त असतो, आणि व्रण गोळीने सैल होत नाही. यात महिने निघून जातात. तोपर्यंत पिशवी जोर लावून लावून जाड होते, पुढे थकते, उरलेल्या लघवीत खडे होतात, आणि दाब वर जाऊन मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. पिशवीची ताकद एकदा गेली की तोंड मोकळे करूनही धार पूर्वीसारखी येईलच असे नाही. उशीर करण्याचे खरे नुकसान ते.

तपासण्या कोणत्या?

धार बारीक होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत : पिशवीचे तोंड आवळणे, पुढच्या मूत्रमार्गात अरुंदपणा येणे, गाठीचा काही भाग शिल्लक असणे, किंवा पिशवीच कमजोर असणे. प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून आधी तपास, मग चाकू.

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, रक्तातले क्रिएटिनिन आणि साखर या सुरुवातीच्या तपासण्या. मग युरोफ्लोमेट्री. यात एका यंत्रात लघवी करायची असते. सेकंदाला १५ मिलिलिटरपेक्षा जास्त वेग सर्वसाधारणपणे चांगला मानतात. १० पेक्षा कमी असेल तर अडथळ्याची शंका बळावते. निदान १५० मिलिलिटर लघवी झाली तरच हा आकडा भरवशाचा, म्हणून पिशवी भरल्यावरच तपासणीला बसावे. नंतर सोनोग्राफीत पिशवीत किती लघवी उरली ते पाहतात आणि मूत्रपिंडांवर सूज आहे का तेही कळते.

पक्का निर्णय सिस्टोस्कोपीने होतो. बारीक दुर्बीण आत घालून डॉक्टर डोळ्यांनी तोंड पाहतात. मोकळ्या तोंडाऐवजी पांढुरके, कडक, लहानसे छिद्र दिसले की निदान झाले. कधी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात, त्यातून अरुंद भाग किती लांब आहे ते समजते. आवळलेला भाग फक्त तोंडाशी आहे की प्रोस्टेटच्या पोकळीत खालपर्यंत पसरला आहे, यावर शस्त्रक्रियेची निवड ठरते.

पहिली पायरी : रुंद करणे आणि छेद देणे

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सळया किंवा फुगा घालून तोंड ताणून रुंद करणे, ज्याला डायलेटेशन म्हणतात. लगेच आराम पडतो. पण ताणलेला व्रण पुष्कळदा पुन्हा आकसतो, म्हणून एकट्या डायलेटेशनवर कायमचा भरवसा ठेवता येत नाही.

त्यापुढचा आणि सर्वांत जास्त केला जाणारा इलाज म्हणजे ब्लॅडर नेक इन्सिजन, बोलीभाषेत 'बीएनआय'. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. पोटावर कुठेही चिरा नाही. दुर्बिणीतून थंड पाते, विजेचे पाते किंवा लेसर वापरून आवळलेले कडे कापतात, म्हणजे ते उघडते. काही वेळा कापण्याबरोबर व्रणाचा थर खरवडूनही काढतात.

छेद कुठे द्यायचा हे महत्त्वाचे. समजण्यासाठी तोंडाला घड्याळाची तबकडी समजा. १२ च्या पुढे जघनाचे हाड असते आणि ६ च्या मागे गुदाशय. तिथे फार खोल गेल्यास इजा होण्याची भीती. म्हणून खोल छेद बाजूंना, ३ आणि ९ च्या जागी, द्यायची पद्धत रूढ होत गेली. अमेरिकेतील डॅलसच्या शल्यविशारदांनी २०१३ मध्ये ५० रुग्णांचा अनुभव मांडला : अशा खोल बाजूच्या छेदाने एकाच वेळी ७२ टक्के रुग्णांचे तोंड मोकळे राहिले, आणि गरज पडलेल्यांना दुसऱ्यांदा छेद दिल्यावर हा आकडा ८६ टक्क्यांवर गेला.

ऑपरेशननंतर काही दिवस नळी राहते. किती दिवस, ते डॉक्टरांच्या पद्धतीवर आणि छेदाच्या खोलीवर अवलंबून असते. पुन्हा आकसू नये म्हणून काही जण छेदाच्या जागी औषधाचे इंजेक्शनही देतात : स्टेरॉइड किंवा मायटोमायसिन सी. मायटोमायसिनने फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, पण सावधगिरीही हवी. २०१५ मध्ये अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात सुमारे ७ टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले होते. म्हणून हे इंजेक्शन सुचवले तर 'का आणि किती मात्रेत' हे विचारणे रुग्णाचा हक्क आहे.

दुसरी पायरी : तोंड नव्याने घडवणे

काही रुग्णांची गाडी इथेच अडकते. छेद, सहा महिन्यांनी पुन्हा छेद, मग सळई, मग पुन्हा छेद. प्रत्येक वेळी खर्च, प्रत्येक वेळी नळी, आणि प्रत्येक जखमेने व्रण आणखी कडक. दोन-तीन वेळा दुर्बिणीतून इलाज होऊनही तोंड आवळतच असेल, तर तोच मार्ग पुढे रेटण्याऐवजी पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेचा विचार करण्याची ती वेळ असते.

यातली जुनी आणि ओळखीची शस्त्रक्रिया म्हणजे वाय-व्ही प्लास्टी. वर्गात फळ्यावर समजावून सांगतो तसे सांगतो. पिशवीच्या पुढच्या भिंतीवर इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचा छेद घ्यायचा. 'वाय'चा दांडा आवळलेल्या तोंडावरून खाली जातो आणि वरचे दोन हात पिशवीच्या निरोगी भिंतीवर येतात. दोन हातांच्या मधला त्रिकोणी पदर खाली ओढून दांड्याच्या टोकाला शिवायचा. शिवण पूर्ण झाली की 'वाय'चा 'व्ही' झालेला असतो. तंग सदऱ्याच्या बगलेत शिंपी त्रिकोणी तुकडा घालून घेर वाढवतो, तसेच हे. फक्त तुकडा बाहेरचा नसून पिशवीचाच, जिवंत रक्तपुरवठा असलेला. म्हणूनच तो आकसण्याची शक्यता कमी.

याचीच सुधारलेली पद्धत टी-प्लास्टी. हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये टीयूआरपीसारख्या ऑपरेशननंतर पुन्हा पुन्हा आवळणाऱ्या १० रुग्णांवरचे तिचे चांगले परिणाम मांडले. आता हीच कामे दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने पोटावरच्या लहान छिद्रांतूनही होतात. ओटीपोटातल्या खोल, अडचणीच्या जागी टाके घालायला रोबोट सोयीचा पडतो. व्रण फार असेल तर गालाच्या आतली त्वचा घेऊन ठिगळ लावण्याचीही पद्धत आहे. आतापर्यंतचे अभ्यास कमी रुग्णांवरचे आहेत, पण त्यांत बहुतेकांचे तोंड मोकळे राहिलेले दिसते. मात्र ही मोठी शस्त्रक्रिया आहे. तिला पूर्ण भूल लागते, नळी जास्त दिवस राहते, आणि ती अशा कामाचा सराव असलेल्या युरॉलॉजिस्टकडेच करावी.

फार वयस्कर किंवा हृदय-फुप्फुसांनी कमजोर रुग्णाला मोठे ऑपरेशन झेपत नसेल तर ओटीपोटातून कायमची नळी ठेवणे हाही एक पर्याय असतो. ती वेळोवेळी बदलावी लागते.

लघवी गळेल का? आणि इतर शंका

साध्या वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ऑपरेशन झालेल्या रुग्णाचे खालचे कडे सहसा शाबूत असते. म्हणून वरचे तोंड कापले तरी लघवी रोखण्याची ताकद बहुधा टिकते. कॅन्सरसाठी संपूर्ण प्रोस्टेट काढलेल्या किंवा रेडिएशन घेतलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात व्रण खालच्या कड्याजवळ असतो आणि गळण्याचा धोका जास्त. म्हणून पहिल्या ऑपरेशनचे कागद आणि काढलेल्या तुकड्यांचा बायोप्सी रिपोर्ट सांभाळून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता पिशवीत जाणे हा परिणाम टीयूआरपीनंतर बहुतेकांना आधीच झालेला असतो. त्याने अपाय होत नाही, पण मूल हवे असलेल्यांनी आधी बोलून घ्यावे. थोडा रक्तस्राव, संसर्ग आणि पुन्हा आवळणे हे इतर धोके.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट बसवलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. त्या कधी थांबवायच्या आणि कधी सुरू करायच्या, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात.

घरी आल्यावर

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर भरपूर पाणी प्यावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण जोर लावल्याने रक्त येते. काही आठवडे जड उचलणे आणि मोटारसायकल टाळावी. नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवावी. रमजान जवळ असेल तर रोज्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. या दिवसांत शरीराला पाणी हवे असते. नळी असताना किंवा थेंब येत असताना नमाजचे काय, हा प्रश्न बुजुर्गांना छळतो. शरीअतमध्ये 'माजूर' माणसासाठी सवलत आहे. आपल्या इमामसाहेबांना विचारावे, पण या काळजीपोटी ऑपरेशन लांबवू नये.

धार चांगली वाटली तरी ठरलेल्या तारखांना युरोफ्लो आणि सोनोग्राफी करून घ्यावी. धार बारीक होतेय हे माणसाला उशिरा कळते. यंत्राला आधी कळते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. अरुंदपणा नेमका कुठे आहे आणि किती लांब आहे? दुर्बिणीतून पाहिला का?
२. पिशवीची ताकद शिल्लक आहे का?
३. छेद कुठे देणार, आणि पाते कोणते, लेसर की वीज?
४. ऑपरेशननंतर नळी किती दिवस राहील?
५. पुन्हा आवळले तर पुढचा बेत काय?
६. आधी दोन-तीन वेळा छेद झाला असेल तर : प्लास्टीचा विचार का करू नये? इथे होते का, की मोठ्या केंद्रात जावे लागेल?

खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून आपली शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते भरती होण्याआधीच विचारावे. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.

ही माहिती आजार समजून घेण्यासाठी आहे. इलाज युरॉलॉजिस्टने तपासूनच ठरवायचा असतो. घरात कोणाचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले असेल, तर पुढच्या वेळी नुसते "तब्येत कशी आहे?" न विचारता, धार पहिल्यासारखीच आहे का, हेही विचारा.